सुलतानाची हवेली आणि काकांचा ओळंबा

माझं लग्न एका ओळंब्यापायी मोडता मोडता राहिलं, हे मी घरातल्या प्रत्येक कार्यात सांगायला घेते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी "काकू, आधी पंगत वाढा" म्हणून मला उठवतं. इथे पंगत नाही. त्यामुळे आज सगळं सांगते.

माझे वडील पिंपळे गुरवला शाळामास्तर होते. मला बघायला चाकणची मंडळी आली. सगळे सतरंजीवर बसले, एक गृहस्थ सोडून. काळा कोट, धोतर, डोक्याला टोपी, आणि चेहरा असा की नुकतंच कुणीतरी त्यांना फसवलंय. ते घरात आलेच नाहीत. घराभोवती एक फेरी मारली, ओट्यावर चढले, कोटाच्या खिशातून दोरीला बांधलेला पितळी गोळा काढला आणि आमच्या भिंतीवरून खाली सोडला. आत मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी. बाहेरून आवाज आला, "बोटभर पुढे आहे!" माझे दात थोडे पुढे आहेत. आईने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

हे म्हणजे माझे चुलत सासरे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते आणि निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, पण ओळंबा सुटला नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ओळंब्यात नसलेली भिंत ही भिंत नव्हे, तो इशारा आहे." त्या दिवशी त्यांनी ते माझ्या वडिलांना सुनावलं आणि वर म्हणाले, "ज्याला स्वतःची भिंत सरळ ठेवता येत नाही तो मुलीला काय वळण लावणार?" वडील मास्तर होते, त्यांना दुसऱ्याने शिकवलेलं खपायचं नाही. ते म्हणाले, "भिंत माझ्या आजोबांनी बांधलीय. मुलगी मी वाढवलीय." आमचे हे मध्ये पडले म्हणून निभावलं. नाही तर मी आज दुसऱ्याच कुणाच्या काकांबद्दल लिहीत बसले असते.

काकांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "भावोजींना एकही सासरा ओळंब्यातला मिळाला नाही." सासूबाई ज्या उतरंडीत डाळी-तांदूळ भरायच्या, त्या मडक्यांच्या उतरंडीलासुद्धा काका ओळंबा लावायचे. माझ्या पोळ्या कधी गोल झाल्या नाहीत, त्यावर मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. गोलाई हा त्यांचा विषय नव्हता.

गावालाही त्यांनी हाच रोग लावला. चाकणच्या पेठेत कुणी गोठा बांधला तरी काकांचा ओळंबा पास व्हावा लागायचा. पुढे गवंड्यांनी आपापले घेतले, मग सरपंचांनी एक घेतला. सुगीत कडब्याच्या गंजीलाही लोक ओळंबा सोडून बघायचे आणि काकांना दुरून ओरडून सांगायचे, "काका, एकदम सरळ हाय बगा!" काका मान डोलवायचे. पन्नास-बावन्न सालची गोष्ट आहे ही. त्या वेळी सगळ्या देशालाच काहीतरी सरळ बांधायचं होतं.

आणि अशा माणसाचं प्रेम कशावर असावं? तर पेठेच्या टोकाला उभ्या असलेल्या सुलतानाच्या हवेलीवर.

हवेली कुणाच्या मालकीची नव्हती, म्हणजे सरकारची होती. काकांना कुणी तिची राखण करायला सांगितलं नव्हतं. ते रोज सकाळी जायचे, कोनाड्यात उगवलेला पिंपळ उपटायचे, दगडी चौथऱ्यावर बसून एक विडी ओढायचे आणि कुणी आत थुंकलं तर त्याच्या घरापर्यंत जाऊन भांडायचे. आमच्या घरात एक रीत त्यांनीच पाडली होती. नवी सून आली की सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी तिला हवेली दाखवायची. देवदर्शन नंतर. मीही गेले. शालू नेसून, हिरवा चुडा भरून, वटवाघळांच्या वासातून, काकांच्या मागून.

"सूनबाई, दरवाजा बघा. सरळ आत जाता येतं का?"

येत नव्हतं. दिंडीतून वाकून आत शिरलं की समोर भिंत, मग डावीकडे वळायचं, मग अंगण. "रस्त्यावरच्याला घरातलं दिसू नये, म्हणून. आता तुमच्या वडिलांचं घर घ्या. दारातून थेट चूल दिसते." मी पदर सावरला. नवी नवरी होते.

आतला दिवाणखाना मात्र मी विसरले नाही. टोकदार कमानी, प्रत्येक कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक दगडी कमळ, वर घुमट, आणि मधल्या कमानीच्या माथ्यावर हाताच्या मनगटाएवढी जाड लोखंडी कडी. तिला सुलतानाचं झुंबर टांगत असत म्हणे. भिंतीतल्या एका कोनाड्याच्या पोटात भोक होतं. काकांनी माझा हात धरून तिथे नेला. चैत्र संपत आला होता, बाहेर डोकं तापत होतं, आणि त्या भोकातून गार वारा येत होता. "गच्चीवरून इथपर्यंत भिंतीतून पोकळी आणलीय. दगड असे बसवलेत की सांध्यात चाकूचं पातं जाणार नाही. चुन्यात गूळ आहे, बेलफळ आहे. आम्ही सरकारी मोऱ्या बांधल्या त्यात काय घातलं? नुसती वाळू आणि ठेकेदाराचं हसू!"

इतिहास मात्र काका रोज वेगळा सांगायचे. कधी जुन्नरच्या सुलतानाने ही हवेली आईसाठी बांधलेली असायची, कधी रुसलेल्या बेगमेसाठी, आणि एकदा तर नुसतीच, गावात आपलं एक घर असावं म्हणून. मी एकदा विचारलं, "कुठला सुलतान, काका? नाव काय त्याचं?"

"नावं काय, पोरांनाही ठेवतात. बांधकाम बघा!"

तर ही हवेली. आता माझं डोकं जिथे तापतं ती गोष्ट सांगते.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील. मला दिवस गेले होते. एका सकाळी काका नेहमीप्रमाणे हवेलीवर गेले आणि लगेच परत आले. टोपी हातात. आमच्या घरात त्यांना टोपीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं, सासूबाईंनी घाबरून पाणी आणलं. हवेलीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कुणीतरी तैलरंगाने, हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहून गेलं होतं: धोकादायक इमारत. पाडणार.

काका तडक सरपंचांकडे गेले. मी त्यांच्या मागे, कारण माझ्याखेरीज त्यांना आवरणारं घरात कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला भांडणं ऐकायला आवडतात.

सरपंच चांगला माणूस होता. त्याने काकांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. "काका, रागावू नगा. जिल्हा बोर्डाचं इंजिनेर सायब आलं व्हतं जीपमधनं. आमी त्यास्नी भिंत दावली."

"आत नेलं होतं का?"

"सायब खाली उतरलंच न्हाईत. पर आमी गच्चीवर गवंडी चढिवला आन् वळंबा सोडला. तुमी शिकिवलाय तसाच. गोळा खाली सरळ येईचना! भिंतीच्या पोटावर टेकून बसला. वर भिंत मागं आन् खाली म्होरं. पार सुटलीया ती, काका."

"अरे मूर्खा," काका म्हणाले, "चारी बाजूंना सोडला का ओळंबा?"

"सोडला की. चारी भिंती तशाच."

"चारी भिंती एकदम आत झुकल्या? एकमेकींशी सल्लामसलत करून?" काका उठून उभे राहिले. "तो ढाळ आहे, ढाळ! भिंत खाली जाड, वर बारीक. बाहेरून उतरती, आतून सरळ. मुद्दाम बांधलीय तशी. त्या काळच्या बांधणाऱ्यांना माहीत होतं की खाली पाय फाकून उभा राहिलेला माणूस ढकलून पडत नाही!"

सरपंच खजील झाला, पण त्याने जे म्हटलं ते मी अजून विसरले नाही. "काका, आता आमी काय करावं? धा वर्सं तुमीच सांगताय, वळंब्यात न्हाई ती भिंत न्हवं, इशारा हाय. आमी तेच केलं. सायबालाबी तेच सांगितलं. सायब म्हनलं, गाव हुशार हाय."

काकांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले. घरी येताना सबंध पेठभर ते चालत होते आणि मी मात्र तणतणत होते. मला कुणाचा राग जास्त आला होता तेच कळत नव्हतं. जीपमधून न उतरता घराला मरणाची शिक्षा देणाऱ्या साहेबाचा, की त्याच्या पुढे दोरी धरून उभ्या राहिलेल्या हुशार गावाचा? शेवटी तो सगळा राग काकांवरच निघाला. "माझ्या वडिलांच्या भिंतीला तरी आतून ओळंबा लावला होता का तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी काका सायकल काढून कुठेतरी गेले ते संध्याकाळी धुळीने माखून आले. चाकणहून पिंपळे गुरवला गेले होते, त्या वयात. पायही न धुता माझ्यासमोर उभे राहिले.

"आतूनही वाकडीच आहे," म्हणाले. मग टोपीवरची धूळ झटकत, "पण पडायची नाही."

आमच्या घरात क्षमा मागण्याची ही सगळ्यात मोठी पद्धत.

मग काकांनी बोर्डाच्या कचेरीत खेटे घातले. साहेब भेटले की म्हणत, पाहू. "आत येऊन पाहा" म्हटलं की म्हणत, इमारत धोकादायक आहे, आत कसं येणार? म्हणजे बघा. आत आल्याशिवाय कळणार नाही की धोका नाही, आणि धोका आहे म्हणून आत यायचं नाही. असल्या वळणाचा दरवाजा सुलतानालाही सुचला नव्हता.

तेव्हा काकांना ती कल्पना सुचली. माझा सातवा महिना लागत होता. सासूबाई डोहाळजेवणाची तयारी करत होत्या, झोपाळा कुठे टांगायचा यावर घरात चर्चा चालली होती. आमच्या माजघराच्या तुळईवर काकांचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "हवेलीत टांगू. मधल्या कमानीच्या कडीला."

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "भावोजी, पोटुशी बाई आहे ती. वटवाघळांच्या बिळात झोपाळा?"

"गाव जेवायला बोलवा. सरपंच, साहेब, सगळे. ज्या छताखाली आमची पोटुशी सून झोके घेते त्या छताखाली यायला साहेबांना भीती वाटली, तर तसं त्यांनी चार बायकांसमोर सांगावं!"

"आणि छत पडलं म्हणजे?"

काका माझ्याकडे वळले. जबरदस्ती केली नाही, हे नमूद करते. "सूनबाई, आधी मी बसेन त्या झोपाळ्यावर. मग कांद्याच्या गोण्या. मग तुम्ही. नाही म्हणालात तर विषय संपला."

मी हो म्हटलं. शूर वगैरे मी कधीच नव्हते, झुरळाला अजून भिते. पण त्या गार वाऱ्याच्या भोकावर ठेवलेला माझा हात मला आठवत होता. ते घर मला आवडलं होतं, आणि ज्याने ते आतून बघितलंही नाही असा एक माणूस ते पाडणार होता. तोच संताप होता तो, दुसरं काही नाही.

आमचे हे कांद्याच्या अडत्याकडे हिशेबनीस होते. त्यांनी गोण्या आणल्या. आधी काका स्वतः कोट-टोपीसकट झोपाळ्यावर बसले आणि ह्यांना म्हणाले, "ढकल." मग त्या कडीला कांद्याच्या गोण्या टांगल्या, त्या सबंध आठवडाभर तशाच ठेवल्या, आणि काका रोज कमानीचा सांधा न सांधा चाचपून यायचे. आठवड्याने म्हणाले, "सूनबाईंपेक्षा दुप्पट वजन झालंय." मग माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "दीडपट म्हणू."

डोहाळजेवण काय झालं म्हणता! पेठेतल्या बायका आल्या. आधी दिंडीपाशी घुटमळल्या, मग मी आत झोपाळ्यावर बसलेली दिसल्यावर हळूहळू शिरल्या. दिंडीतून वाकताना एकीचा अंबाडा सुटला आणि ती सुलतानाला शिव्या देत आत आली. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, आणि वर सगळं ते दगडाचं आभाळ. बायका गाऊ लागल्या तसा घुमटातून तोच आवाज परत यायला लागला, जणू वर आणखी चार बायका बसल्या होत्या. सासूबाई दोन गाणी झाल्यावर स्वतःच म्हणाल्या, "आपल्या माजघरात नसतं असं झालं."

पुरुषांच्या पंगतीला सरपंच आले आणि पुरणपोळीच्या वासाने असो की बायकांसमोर लाज वाटली म्हणून असो, साहेबही आले. जीपमधून उतरून, वाकून, वळून, आत. काकांनी त्यांना जेवायच्या आधी आतल्या भिंतीपाशी नेलं आणि वरच्या सज्ज्यातून ओळंबा सोडला. गोळा खाली आला आणि भिंतीला जेमतेम शिवून थांबला. हललाही नाही. सरपंचाच्या तोंडून "आयला, काका!" निघून गेलं.

साहेबांनी भिंतीवर हात फिरवला. कमळावर हात फिरवला. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. म्हणाले, "दगड फार उत्तम आहे हो. इतका भक्कम दगड आता कुठे मिळतो?"

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी साहेबांच्या पानात स्वतःच्या हाताने तूप वाढलं. पुढे कितीतरी दिवस घरात तेच. "साहेबाला कळलं. उत्तम म्हणाला. भक्कम म्हणाला." मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा ते मला पोचवायला आले, आणि वडिलांच्या वाकड्या भिंतीला टेकून बसून दोन तास गप्पा मारून गेले.

मुलगी झाली. तिला घेऊन मी चाकणला परतले तेव्हा पेठेच्या टोकाला आभाळ जास्त दिसत होतं.

बोर्डाला रस्त्याकाठी गुदाम बांधायचं होतं आणि त्याच्या कुंपणाला दगड हवा होता. इतका भक्कम दगड आता कुठे मिळतो? कागदावर इमारत धोकादायकच राहिली. धोकादायक म्हणून पाडायची आणि भक्कम म्हणून वापरायची, आणि दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची. मला सांगा, ह्याला काय म्हणावं? त्याने आमच्याकडे चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या.

आणि मी माहेरी असताना पाडायला घेतली, तर ती पडेना. पहारींनी पडेना, घणांनी पडेना. माणसं थकून बसायची. काकांनी समोरच्या वाण्याच्या ओट्यावर खुर्ची टाकली होती. तिथे ते सकाळपासून बसायचे. दगडावर पहार आपटून परत उडाली की पेठेला ऐकू जाईल असं ओरडायचे, "धोकादायक!" पुन्हा आपटली की पुन्हा, "धोकादायक!" पाडणारी माणसंसुद्धा हसायला लागली, मग हसेनाशी झाली. त्यातला एक म्हातारा संध्याकाळी काकांजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, आमाला पोटासाटी करावं लागतं." काकांनी त्याला विडी दिली. शेवटी सुरुंग लावले. मधली कमान सर्वांत शेवटी गेली. त्या दिवशी मात्र काका ओरडले नाहीत.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या भिंतीला ओळंबा लावला नाही. गावात एकदा कुणी बोलवायला आलं तर म्हणाले, "सरपंचांना बोलवा. त्यांना येतं." थोड्या वर्षांनी गेले. कोट कुणाला दिला ते आठवत नाही. खिशातला ओळंबा मात्र मी मागून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "तुला काय करायचाय?" मलाही माहीत नव्हतं.

पण रीत मी मोडली नाही. परवा माझ्या धाकट्या दिराची सून घरात आली. पिंपरीच्या कंपनीत टायपिस्ट आहे, चटपटीत पोरगी. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन निघाले. "कुठलं देऊळ, काकू?" "चल तर." हमरस्त्यावर, ट्रक अंगावर येतात तिथे, बोर्डाच्या गुदामाच्या कुंपणाशी आम्ही उभ्या राहिलो. मी तिला दगडी कमळ दाखवलं. उलटं बसवलंय, पाकळ्या खाली. मग तिच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि दगडावर चढवलं. गोळा सुटला तो भिंतीपासून चांगला वीतभर लांब हवेत लोंबत राहिला. भिंत आख्खी रस्त्यावर ओणवी झाली आहे. चुन्यात काय घातलं होतं ते काका असते तर त्यांनी सांगितलं असतं.

"अगंबाई!" पोरगी पटकन खाली उतरली. "ही कधीही पडेल की! कुणी काही करत नाही?"

"सरकारी आहे," मी म्हटलं.

ती दोन पावलं मागे सरून भिंत न्याहाळू लागली. खालच्या एका दगडावर फिकट लाल रंगाचा एक फराटा होता. त्याच्या पलीकडे, आडव्या बसवलेल्या दगडावर, अर्धा 'धो'. वर कुठेतरी उलटा 'का'. वेगवेगळ्या ओळींत, पाडताना जसे हाताला लागले तसे बसवलेले.

"काकू," ती म्हणाली, "इथे तर कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय."

मी ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला आणि तिचा हात धरून तिला भिंतीपासून लांब घेऊन गेले.